फोटोतला वाटा

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. नाव छापू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण आमच्या शाळेत मुलांना फोटो काढायला शिकवताना तुम्ही जे केलंत ते इतर शाळांच्याही कानावर जायला हवं.

मालवणच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्याचं कुणाला अप्रूप नाही. किल्ला बघायला आलेला पर्यटक रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं दिसली की फोन वर करतोच. त्यामुळे मुंबईहून वृत्तछायाचित्रकार येणार म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत फारसा उत्साह नव्हता. एक भाषण, एक ग्रुप फोटो, शाल-श्रीफळ आणि चहा, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

तुम्ही आल्या आल्या वर्गाच्या खिडक्याच बंद करायला लावल्यात. फटींना काळा कागद आणि एका खिडकीत भोक पाडलेला पुठ्ठा. समोरच्या भिंतीवर बाहेरचे माड उलटे लटकलेले दिसले तेव्हा जो गलका झाला, तो ऐकून शेजारचा वर्ग धावत आला. भोक मोठं केलं की चित्र उजळ पण भुरकट, लहान केलं की रेखीव पण अंधुक. आठवीतल्या एकीने विचारलं, मग कॅमेऱ्यावरचा भोकाचा आकडा, तो एफ-नंबर, वाढला की भोक लहान कसं होतं? तुम्ही फळ्यावर सरळ भागाकार मांडलात. नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूचं चित्र रेखीव उमटतं तिथपर्यंतचं अंतर, ५० मिलिमीटर असेल तर २ ने भागून भोक २५ मिलिमीटरचं, १६ ने भागून जेमतेम ३ चं. गणिताच्या सरांनी ते उदाहरण तिथेच टिपून घेतलं!

फोनचा पहिला धडा भिंग पुसण्याचा होता. आमच्याकडे फोन पालकांचे, त्यांना मासळीचे हात लागलेले. पुसल्यावर निम्मे फोटो आपोआप सुधारले. आणि किनाऱ्यावर चेहरे काळे का येतात याचं कोडंही सुटलं. चकाकती वाळू नि पाणी बघून फोन सगळंच मंद करतो. चेहऱ्यावर बोट टेकवायचं आणि उजेड थोडा वर सरकवायचा. हे मी चित्रकलेचा शिक्षक असूनही मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरे आभार दोन गोष्टींसाठी.

एक, तुम्ही पोरांचं उगाच कौतुक केलं नाहीत. ‘सूर्यास्त छान आहे, पण यात तू कुठे आहेस?’ असं सातवीतल्या मुलाला विचारलंत. तो रुसला. दुसऱ्या दिवशी त्याने घरच्या पडवीत जाळं विणणारे आजोबांचे हात टिपून आणले आणि त्या एका फोटोवर तुम्ही त्याच्याशी किती तरी वेळ बोलत बसलात, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं. मुलांशी असं बोलणारी मोठी माणसं फार थोडी असतात.

दुसरी गोष्ट छापील फोटोंची. रापणीत दोर ओढायला हात लावणाऱ्यालाही मासळीचा वाटा मिळतो, हे मुलांना जन्मापासून ठाऊक. मग ज्याचा चेहरा घेतला त्याचा फोटोत वाटा नको का, एवढंच तुम्ही विचारलंत. काढण्याआधी विचारायचं, आणि काढल्यावर प्रत नेऊन द्यायची. मागे त्या माणसाचं नाव, गाव, तारीख आणि काढणाऱ्याचंही नाव. ते शेवटचं कशासाठी, हे सांगताना होमाय व्यारावाला यांची गोष्ट आली. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेली ही बाई देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार मानली जाते, पण तिचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. मुलींनी त्या दिवशी आपली नावं जरा मोठ्या अक्षरातच लिहिली.

स्वखर्चाने छापलेल्या त्या प्रती तुम्ही पाठवल्यात आणि मुलं वाडीभर वाटत फिरली. बाजारात मासे विकणाऱ्या एक काकी फोटो उलटसुलट बघून म्हणाल्या, ‘काढून सगळेच नेतत, देवक कोण येणा नाय.’ मग त्यांनी फोटो काढणाऱ्या पोरीच्या हातात बांगड्यांची पिशवी कोंबली. बांगडे म्हणजे मासे, हे मुंबईकरांसाठी सांगितलेलं बरं.

आता गणपतीत चाकरमानी आले की घरोघरी पोरांना बोलावणं असतं. मोबाइलचा उजेड थेट डोळ्यांत नको, आजीला दाराजवळ बसवा, असे हुकूम ती काकांना सोडतात. छपाईसाठी शिक्षकांनी वर्गणीचा डबा ठेवलाय. तो फार लवकर रिकामा होतो, पण भरतोही.

पावसाळ्यात येऊ नका, वीज टिकत नाही. दिवाळीनंतर या. दशावताराचे फोटो रात्रीच्या उजेडात हलतात, त्याचं काय करायचं हा प्रश्न नववीने तुमच्यासाठी राखून ठेवलाय. राहायची सोय आमच्या घरी.

आपला,
मालवण तालुक्यातला एक चित्रकला शिक्षक