तक्ता छापलात, मोजणीही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपण औद्योगिक देशांतल्या कारखान्यांची उत्पादकता, म्हणजे एकूण उत्पादन भागिले कामाचे तास, वर्षाला किती टक्क्यांनी वाढली, याचा तक्ता छापलात. कोरिया वर, इटली तळाला. शेजारच्या लेखाचा निष्कर्ष असा, की जिथला कामगार झटतो तो देश पुढे जातो. आपल्या कामगारानेही बोध घ्यावा. मी जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात एकवीस वर्षं सुपरवायझर होतो. पाळी सुटताना किती मीटर निघालं आणि किती माणसं होती, हे वहीत लिहिणं माझं काम. म्हणून हे पत्र.

आमच्याकडे जुने लूम होते तेव्हा एक माणूस दोन लूम बघायचा. धागा तुटला आणि लक्ष गेलं नाही तर हातभर चटई वाया. मग नवे लूम आले. धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, वर लाल दिवा लागतो. एक माणूस पाच लूम सांभाळू लागला. माणशी तासाचं मीटर वर्षभरात दुपटीच्या वर गेलं. कोण जास्त झटलं? माणूस तोच, डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा तोच. उलट त्याला बसायला स्टूल मिळालं. पारोळ्याकडचा एक ऑपरेटर मला म्हणाला, "भाऊ, आते पाय बी नही दुखतस." पुढच्या वर्षी वाढ जवळजवळ शून्य, कारण बदलायला जुने लूमच उरले नव्हते. आपल्या तक्त्याच्या हिशेबाने आम्ही पहिल्या वर्षी कोरिया आणि दुसऱ्या वर्षी इटली!

वाढीचा दर आणि पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युद्धानंतर जपान आणि मागाहून कोरिया खालून निघाले. दुसऱ्यांनी घडवलेलं यंत्र आणि तंत्र त्यांना उचलता आलं, म्हणून त्यांचे आकडे उड्या मारत गेले. जो आधीच वर आहे त्याला उडी मारायला जागा कमी. आणि झटण्याचंच म्हणाल, तर पश्चिम जर्मनीतल्या धातुउद्योगात १९९५ पासून आठवड्याला ३५ तासांचं काम आहे. सगळे व्यवसाय धरून जर्मन माणूस वर्षाला सरासरी १३५० तासांच्या आसपास काम करतो, कोरियन १८०० च्या वर. तरी सगळी अर्थव्यवस्था धरली तर तासामागचं उत्पादन जर्मनीचंच जास्त.

शिवाय हे देश मीटर मोजत नाहीत, मूल्य मोजतात. अमेरिकेत संगणक दुप्पट वेगवान झाला की किंमत तीच असली तरी उत्पादन वाढलं असं धरतात. सुसान हाउसमन या अर्थतज्ज्ञ बाईंनी संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स बाजूला काढून बघितलं, तर तिथल्या कारखानदारीची वाढ बरीचशी विरघळली. त्याच देशात २००० साली कारखान्यांत १ कोटी ७० लाखांच्या वर माणसं होती, २०१० च्या सुरुवातीला सुमारे १ कोटी १५ लाख. रडतखडत चालणारे कारखाने बंद पडले की उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते. मंदीत आमची रात्रपाळी बंद झाली, तेव्हा आमचीही गेली होती. मालक खूश, रात्रपाळीवाले घरी. आयर्लंडचं तर विचारूच नका. २०१५ या एका वर्षात त्यांचं देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. परदेशी कंपन्यांनी पेटंटं आणि मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली होती, एवढंच!

आता भाजकाकडे बघा, म्हणजे तासांकडे. लाइट गेली की एक्स्ट्रूडरमधला, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून धागा काढणाऱ्या यंत्रातला, वितळलेला दाणा थिजतो. पुन्हा तापवून, साफ करून धागा सुरळीत यायला दीड तास सहज जातो. त्या दीड तासात कामगार घाम पुसत उभा, हजेरी चालू, मीटर शून्य. दोष लाइटचा, आकडा मात्र त्याच्या नावावर.

एक गोष्ट माझ्याच वहीची सांगतो. एके वर्षी घडी घालणं आणि पॅकिंग ठेकेदाराकडे गेलं. त्याच शेडमध्ये, त्याच बाया, फक्त हजेरी ठेकेदाराच्या वहीत. आमच्या वहीतली बारा माणसं कमी झाली, मीटर तेवढंच. त्या महिन्यात मला पेढे मिळाले.

तेव्हा पुढच्या वेळी तक्त्याच्या खाली तीन ओळी द्याव्यात: वाढ कुठल्या पातळीपासून मोजली, एकूण तास आणि माणसं किती, आणि ठेक्यावरची माणसं धरली की नाही. आमच्या वहीत त्या बायांसाठी रकाना नव्हता. आखायला मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर, जळगाव