विंडसरच्या पुलापाशी भेटलेल्या काकांना

काका, नमस्कार. ऑक्टोबरमध्ये व्हरमाँटला पानांचे रंग बघायला आलेलो, विंडसरमध्ये टायर बसला आणि आमचं मराठी भांडण ऐकून तुम्ही "कुठचे तुम्ही?" विचारत आलात, ते आम्ही. गडबडीत तुमचा नंबर घ्यायचाच राहिला, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कोणीतरी पोचवेलच.

स्टेपनी लावून दिलीत त्याचं थँक्यू आहेच, पण खरं थँक्यू नंतरच्या तासाभराचं. आई केव्हाची विचारत होती की पुलाला घरासारखं छप्पर कशाला, आणि मी ठोकून दिलेलं की बर्फ पडू नये म्हणून. तुम्ही हसलात. म्हणालात उलट, पूर्वी हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून लोक बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरायचे! छप्पर आहे ते बाजूच्या लाकडी सांगाड्यासाठी, सांध्यांत पाणी मुरून तो कुजू नये म्हणून. आई लगेच, "आमचा साकव तर दर पावसाळ्यानंतर नवा घालायला लागायचा." आणि मग तुम्ही पूल बाजूला ठेवून पोफळीचे सोट कसे टाकायचे, बांधायचे कशाने, हे तिलाच विचारत बसलात, माझ्या तर ते कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग आत नेऊन त्या सांगाड्याची तिरकी जाळी दाखवलीत. इथिएल टाऊन नावाच्या माणसाचं १८२० चं पेटंट, पण फळ्यांच्या जागी इथे चांगले जाड वासे, एकमेकांत खाचा पाडून बसवलेले. आई एका खाचेवरून किती वेळ बोट फिरवत होती. १७९६, १८२४ आणि १८२८ चे आधीचे तिन्ही पूल पुरात गेले, हा चौथा १८६६ चा, टास्कर आणि फ्लेचरने बांधलेला. जवळपास ४५० फूट लांब आणि नदीत खांब एकच! १९४३ पर्यंत टोल होता म्हणे, तेवढं ऐकून मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

नदी जवळजवळ सगळीच पलीकडच्या न्यू हॅम्पशायर राज्याची, म्हणून पूलही त्यांचा, हे आईला भलतंच आवडलंय. मामाला फोनवर सांगत होती, "पाय ठेवला की राज्य बदलतं, व्हरमाँटच्या वाट्याला नुसतं टोक." आणि ती पाटी, घोडे पावलापावलाने चालवा नाहीतर दोन डॉलर दंड. परत येताना मी हायवेला जरा जोरात घेतली की मागून आवाज, "दोन डॉलर पडतील हं."

आई मेमध्ये परत येतेय, आमसुलं आणि कुळथाचं पीठ तुमच्या नावाने वेगळं काढून ठेवलंय, तेवढा पत्ता कळवा.