दिलीपरावांचे दोन स्टेंट आणि तुझं अलास्का

४ एप्रिल

प्रिय शैले,

सव्वा महिना झाला तुझ्या मेसेजला आणि मी नुसता अंगठा पाठवून गप्प. मनातल्या मनात शिव्या दिल्याच असशील, त्या पोचल्या. गुडघा चालतोय, शुगर जिथे होती तिथेच. पुढे.

काल रात्री तू पाठवलेल्या दोन्ही पीडीएफ उघडल्या, तुम्हा दोघांच्या अलास्काच्या बोटीच्या सहलीसाठीच्या विमा पॉलिसी: एक इथली आणि एक केतकीने अमेरिकेतून काढलेली. म्हटलं, चाळावं आणि झोपावं. इथल्या पॉलिसीच्या अर्जात ‘पूर्वीचे आजार’ या रकान्यासमोर ‘नाही’ दिसलं आणि झोप उडाली. कुणी लिहिलं, विचारत नाही. केतकी असलं करणार नाही, तुझी छाती नाही. उरला तो एकच, हरिश्चंद्रगडावर ताप लपवून चढलेला आणि उतरताना आपल्या तिघांच्या खांद्यांवर आलेला माणूस. दिलीपरावांना सांग, डोंगरावर खपून गेलं, इथे खपणार नाही.

का खपणार नाही ते ऐक. बोटीवर छातीत दुखलं की खाली दवाखान्यात नेतात. डॉक्टर, नर्स, ईसीजी, रक्ततपासणी, ऑक्सिजन, सगळं असतं. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, आधी काही झालंय का? घाबरलेला माणूस तेव्हा खरंच बोलतो. कागदावर पहिली ओळ उमटते: ‘पूर्वीची अँजिओप्लास्टी, दोन स्टेंट, क्लोपिडोग्रेल चालू.’ क्लेम खात्यात फाइल उघडली की आधी तीच ओळ वाचतात, मग अर्जातलं ‘नाही’ शोधतात. क्लेम नाकारायला त्यापुढे कंपनीला काही करावंच लागत नाही. आणि स्टेंटबद्दल तोंड बंद ठेवलं तरी गोळ्यांची पिशवी बोलतेच, क्लोपिडोग्रेल म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी.

तेव्हा एजंटला आजच फोन करून अर्ज दुरुस्त करून घे. प्रीमियम वाढेल, वाढू दे. वैद्यकीय तपासणी मागतील, कदाचित जुना आजार अधिक पैसे घेऊन ठरावीक रकमेपर्यंत धरतील. नाही धरला, तर निदान लेखी कळेल की धरलेला नाही. पुष्कळ पॉलिसींत जुन्या आजारासाठी फक्त जीव वाचवण्यापुरता, तब्येत स्थिर होईपर्यंतचाच खर्च मिळतो, तोही मर्यादेत. शिवाय तुम्हा दोघांची साठी उलटलेली, म्हणजे खोलीभाडं, आयसीयू, सर्जनची फी यांवर वेगवेगळी छतं, म्हणजे कमाल मर्यादा, लावलेली असणार. वर ५०,००० डॉलर छापलंय ते सोड, छतांचा तक्ता वाच. अमेरिकेतल्या आयसीयूपुढे ते ५०,००० किती दिवस टिकतील, सांगता येत नाही.

आता केतकीने तिकडून काढलेली पॉलिसी. ती पोरगी हुशार, पण ‘इव्हॅक्युएशन १० लाख डॉलर’ वाचून खूश झाली. इव्हॅक्युएशन म्हणजे आजारी माणसाला तिथून उचलून हॉस्पिटलला हलवणं. खाली बारीक टाइपात लिहिलंय की जुन्या आजाराचा अचानक झटका आला तर याच कलमाखाली फक्त २५,०००. म्हणजे तुझा पाय मोडला तर दहा लाख आणि दिलीपरावांचं हृदय रुसलं तर पंचवीस हजार! आणि आपल्याला काळजी नेमकी कशाची आहे? ‘अचानक झटका’ म्हणजे काय, तेही तिथेच आहे. पूर्वसूचना नसलेला, हळूहळू न वाढलेला, आणि चोवीस तासांत उपचार घेतलेला. दोन दिवस ‘गॅस झालाय’ म्हणत बसलात की कलम गेलं. निघण्याआधीच्या दिवसांत गोळी किंवा डोस बदलला तरी काही कंपन्या फाटे फोडतात, म्हणून कार्डिऑलॉजिस्टची भेट आत्ताच उरकून घ्या. सत्तरीनंतर अनेक योजनांत कमाल रक्कम झपकन खाली येते आणि काहींत हे झटक्याचं कलम बंदच होतं. सप्टेंबरात त्यांना सत्तर पूर्ण होतात. जूनची बोट आहे, नशीब.

केतकीने आधी पाहिलेली स्वस्त योजना मात्र परत काढू देऊ नकोस. तिला ‘फिक्स्ड बेनिफिट’ म्हणतात. दर दिवसाला, दर तपासणीला ठरलेली रक्कम मिळते, मग बिल कितीही येवो. तिकडच्या बिलांपुढे ती म्हणजे लग्नातलं अकरा रुपयांचं पाकीट.

बाहेर काढण्याचा खर्च एवढा का होतो, तो तुझ्याच मार्गावर बघ. सिअॅटलहून निघून जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन, व्हिक्टोरिया. जुनो राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ता जात नाही, विमान नाहीतर बोट. हॉस्पिटल आहे, पण मोठं काही निघालं तर सिअॅटललाच हलवतात, आणि ते अंतर सुमारे १,४५० किलोमीटर. स्कॅगवेत तर हॉस्पिटलच नाही, दवाखाना आहे. ग्लेशियर बेच्या दिवशी बोट कुठल्या बंदराला लागतच नाही. समुद्रावरून उचलायची वेळ आली तर तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर येतं, सिट्काला त्यांचा तळ आहे, आणि ते पैसे घेत नाहीत. दिलीपराव ‘मग फुकटच की!’ म्हणतील. फुकट तेवढंच. तिथून पुढे नर्स आणि व्हेंटिलेटर असलेलं जेट लागलं की आकडा लाख डॉलरच्या पुढेही जाऊ शकतो.

आणखी एक फरक समजून घे. इव्हॅक्युएशन म्हणजे जवळच्या योग्य हॉस्पिटलपर्यंत. नाशिकला परत आणणं हे वेगळं कलम, तिथे वेगळी रक्कम आणि त्यांच्या डॉक्टरांची मंजुरी. कुठलं हॉस्पिटल ‘योग्य’ हेही तेच ठरवतात, केतकीला कुठलं जवळ पडतं ते नाही.

माझा सल्ला दोन्ही घेण्याचा. इथली खरा अर्ज भरून, भारत सोडण्याआधी, कारण ती तिकडे पोचल्यावर मिळत नाही. तिकडची पूर्ण स्वरूपाची, म्हणजे ‘फिक्स्ड बेनिफिट’ नसलेली, निदान अडीच लाख डॉलरची. केतकीला कंपनीकडून ईमेलवर तीन गोष्टी लेखी घ्यायला लाव: बोटीवरचा दवाखाना धरतात का, बंदराबाहेरचा समुद्र आणि व्हिक्टोरिया म्हणजे कॅनडा धरतात का, आणि जुन्या आजारासाठी इव्हॅक्युएशनची मर्यादा नक्की किती. फोनवरच्या ‘हो मॅडम’ला किंमत नाही.

बोटीवर काही झालंच, तर क्रम चुकवू नकोस. दवाखान्यात पोचल्याबरोबर, विमानाची गोष्ट निघण्याआधी, विमा कंपनीच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन. स्वतःच ठरवलेलं एअर अॅम्ब्युलन्स बहुतेक कंपन्या भरत नाहीत. बोटीचा दवाखाना सहसा थेट विमा कंपनीकडून पैसे घेत नाही, बिल केबिनच्या खात्यावर चढतं. म्हणून कार्डाची परदेशी मर्यादा निघण्याआधीच वाढवून ठेव. उतरताना तपशीलवार बिल, डॉक्टरांचा रिपोर्ट आणि पैसे भरल्याची पावती, तिन्ही हातात हवीत. नंतर ईमेलने मागितलं की महिने जातात.

त्यांना उतरवलं की तुलाही उतरावं लागेल, तेही घाईत. दोघांचे पासपोर्ट, गोळ्या आणि चष्मा एकाच पिशवीत, केबिनच्या दाराशी. त्यांचा आत्ताचा, बरा असतानाचा ईसीजी फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे. नवा ईसीजी बघताना तिथल्या डॉक्टरला तो सोन्यासारखा वाटेल. तुझ्या हॉटेलचा आणि बदललेल्या तिकिटाचा खर्च वेगळ्या कलमात असतो, कधी नसतोच. कधी आठवडाभर अॅडमिट राहिल्यावरच सुरू होतो.

आणि ते हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून कुत्र्यांच्या गाडीत बसायचं ठरलंय म्हणे! बुक करण्याआधी साहसी खेळांच्या अपवादांत ते आहे का बघ. असेल, तर दिलीपरावांना खाली ठेव आणि तू जा. कुत्र्यांना तू चालशील.

ममाचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नवीन फ्लॅटचं पझेशन? वैशू अजून बोलत नाही का तुझ्याशी? सगळं लिही, एका ओळीत नको.

तुझी,
मंदा

ता. क. पॉलिसीवरचा १-८०० नंबर, म्हणजे अमेरिकेतला फुकट फोनचा नंबर, बोटीवरून लागेलच असं नाही. देशाच्या कोडसकट जो दुसरा नंबर असतो तो कागदावर लिहून दिलीपरावांच्या शर्टच्या खिशात ठेव. तू ठेव, त्यांना सांगू नकोस.