आई, ती भट्टी नाही

ब्रिस्टल, २० जानेवारी

ती. नाना आणि आईला साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार, दादा-वहिनींना पण, आणि पिल्लूला पापा.

पहिलं सांगते, मी एकदम बरी आहे. परवा फोनवर आई रडली आणि मी चिडून फोन ठेवला, मग रात्रभर ड्युटीवर तेच डोक्यात फिरत होतं. फोनवर आपलं निम्मं बोलणं ऐकू येतंय का, ऐकू येतंय का यातच जातं, म्हणून आज सुट्टी आहे तर सगळं लिहूनच काढते. वहिनी, हे आजीला मोठ्याने वाचून दाखवा, फक्त शेवटचा भाग आधी तुम्ही एकट्या वाचा. थंडीचं, जेवणाचं, रात्रपाळीचं तुम्हाला सगळं माहीत आहे, ते परत उगाळत नाही. भाकरी आता टम्म फुगते एवढंच आजीला सांगा.

तर तो माझा बिअर बनवतानाचा फोटो. आत्यानी स्टेटसला बघितला आणि अख्ख्या मखमलाबादेत झालं की पोरगी इंग्लंडात जाऊन दारू गाळते. आई, आम्ही गाळत नाही गं. गाळणं म्हणजे भट्टी लावायची, उकळायचं, वाफ धरून थंड करायची. ते घरी करायला इथेही बंदी आहे आणि आमच्यातलं कोणी त्या वाटेला जाणारही नाही. आम्ही आंबवतो. तू रात्री इडलीचं पीठ झाकून ठेवतेस आणि सकाळी ते वर आलेलं असतं, त्यातलाच प्रकार, फक्त दिवस जास्त लागतात. आणि पोलीस येतील म्हणून तू घाबरलीस, तर घरी बिअर बनवायला लागणारं लायसन्स इथे १९६३ सालीच काढून टाकलंय. आपल्यापुरती बनवायची, मित्रांना पाजायची, विकायची नाही, बस. इथल्या मोठ्या दुकानात जसा लोणच्याचा मसाला मिळावा तसं हे सगळं सामान रॅकवर मांडलेलं असतं. विषाचं म्हणशील तर हातभट्टीने माणसं दगावतात त्या बातम्यांत बहुतेक वेळा कोणीतरी मिथेनॉल मिसळलेलं असतं. आमच्या बादलीत पाणी, मोड आलेलं धान्य, हॉप्स नावाची कडू फुलं आणि यीस्ट म्हणजे आंबवणारं खमीर, एवढंच असतं.

आई, तुला पटेल असं सांगू का? पिल्लू सहा महिन्यांचा झाला तेव्हा तू नागली भिजवलीस, फडक्यात बांधून मोड आणलेस, वाळवलीस आणि दळलीस. बिअरचं माल्ट अगदी तसंच बनतं, फक्त नागलीच्या जागी जव. मोड आले की धान्यातच असं काही तयार होतं की त्याच्या पिठाची साखर करता येते. ते भरडायचं, ६५-६६ डिग्रीच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचं, की पाणी गोड लागतं. पहिल्यांदा चव घेतली तेव्हा मला थेट नागलीच्या सत्त्वाची आठवण झाली, तिथेच उभ्या उभ्या डोळ्यांत पाणी आलं. मग गाळून घ्यायचं (हो, इथे गाळतो, पण चाळणीने), हॉप्स टाकून तासभर उकळायचं, पटकन गार करायचं आणि यीस्ट टाकायचं. एका वेळी २३ लिटर होते, खर्च चौघांत वाटून माझ्या वाट्याला ११ पाउंड आले. पबमध्ये त्यात दोन ग्लास येतात, म्हणजे पैसे उधळते असं तरी कृपा करून म्हणू नका.

चौघं म्हणजे कोण ते पण सांगते, कारण ‘कोणाच्या संगतीत आहेस’ हे दादाने दोनदा विचारलं. माझ्यासोबत राहणारी पोलंडची मैत्रीण, ती माझ्याच वॉर्डात नर्स आहे. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड काका, त्यांच्याच गॅरेजमध्ये हे सगळं चालतं, त्यांच्या बायकोने बनवलेली चटणी मी जेवणात खाते. आणि एक आपलाच मराठी मुलगा, तासगावचा, त्यांच्या घरी बेदाण्याची शेड आहे. वाईट संगत नाही हो. रविवारी दुपारी बाटल्या धुताना आम्ही जेवढं बोलतो तेवढं मी आठवडाभर कोणाशी बोलत नाही.

नाना, आता तुमच्यासाठी. पहिल्यांदा सफरचंदाचा रस काढला तेव्हा काकांनी साखर मापायला काचेची नळी काढली, तासगावकराने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला आणि मला हसूच आलं, कारण तोच तो, आपल्या बागेत तुम्ही मण्याचा थेंब टाकून उन्हाकडे धरून बघता तो. मी एक डोळा मिटून बघितला आणि सांगितलं, १२ ब्रिक्स. काकांनी विचारलं कुठे शिकलीस, मी म्हटलं वडिलांकडे, सातवी-आठवीपासून. एवढ्या साखरेवर सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, साधारण सहा-साडेसहा टक्क्यांची होते. फक्त एकदा आंबायला लागलं की रिफ्रॅक्टोमीटर खोटा आकडा दाखवतो, दारूमुळे, मग ती नळीच बरी, ती रसात तरंगत ठेवायची आणि साखर संपत जाते तशी ती खाली खाली बुडत जाते. आणि रसातले नको ते जंतू मारायला ज्या गोळ्या टाकतात ना, त्या सोडियम मेटाबायसल्फाईटच्या, म्हणजे एक्सपोर्टच्या पेटीत आपण द्राक्षावर जो ग्रेपगार्डचा कागद ठेवतो त्यातलंच औषध. मधाची दारू करतात, मीड म्हणतात तिला, साडेचार लिटरला दीड किलो मध लागतो. मधात साखर भरपूर पण नत्र जवळजवळ नाहीच, त्यामुळे यीस्ट उपाशी राहून मध्येच थांबतं. त्यासाठी एक पांढरी पुडी टाकायची, मागे वाचलं तर डायअमोनियम फॉस्फेट. आपलं डीएपी खत! अर्थात हे खायच्या दर्जाचं, गोणीतलं नाही. आमचं मीड अजून तसंच ठेवलंय, वर्षभर हात लावायचा नाही म्हणतात.

हातावरच्या पट्टीबद्दल मी ‘भाजी चिरताना’ म्हटलं ते खोटं होतं, आई. माफ कर. मागच्या महिन्यात बिअर पूर्ण आंबायच्या आधीच आम्ही घाईने बाटल्यांत भरली, वरून साखरही जास्त पडली, आणि रात्री कपाटात तीन बाटल्या फुटल्या. तेव्हा कोणाला लागलं नाही, सकाळी काचा उचलताना मला कापलं, दोन टाके. आता नळीवर दोन-तीन दिवसांच्या अंतराने तोच आकडा परत आला तरच भरतो, आणि साखर वजन करून घालतो. तुला सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस, म्हणून नाही सांगितलं. पण खोटं बोलायला नको होतं.

आता शुक्रवारची गंमत सांगते, ही तुम्हाला खरीच वाटणार नाही. हे लोक झाडांना सायडर पाजतात. खरंच. काकांच्या भावाची समरसेटमध्ये सफरचंदाची बाग आहे, अंधार पडल्यावर गावातली शंभरेक माणसं, लहान पोरं, म्हाताऱ्या बाया, सगळे टेंभे घेऊन तिथे जमले. याला वॉसेल म्हणतात. बागेतलं सगळ्यात जुनं झाड निवडतात, त्याच्यात बागेचा राखणदार राहतो असं समजतात, आपल्या बांधावरच्या म्हसोबासारखा. त्याच्या मुळाशी सायडर ओततात. मग पावाचे भाजलेले तुकडे सायडरमध्ये बुडवून फांद्यांना अडकवतात, ते रॉबिन नावाच्या पक्ष्यासाठी, चिमणीएवढा असतो, छाती केशरी, तो झाडाचं भलं करतो म्हणे. मग झाडाला उद्देशून गाणं म्हणायचं, की टोप्या भरभरून, पोती भरभरून फळ दे. आणि मग एकदम सगळे पातेली, डबे, थाळ्या बडवायला लागतात, बंदुकीचे बार काढतात फांद्यांमधून आकाशाकडे, म्हणजे वाईट शक्ती पळतात आणि झोपलेलं झाड जागं होतं. मी ताट आणि उलथनं घेऊन गेले होते. शिकलेले, मोठमोठ्या नोकऱ्यांतले लोक झाडासमोर ताटल्या बडवतात. आणि कोणालाच त्यात विचित्र वाटत नाही. मलाही नाही वाटलं. काढणी सुरू करायच्या आधी नाना पहिल्या वेलीपाशी नारळ फोडतात, तेव्हा तरी कुठे वाटतं?

तारखेचीही मजा आहे. हा सण खरा ख्रिसमसनंतर बाराव्या रात्रीचा. पण १७५२ साली इंग्लंडने कॅलेंडर बदललं, ११ दिवस गाळून टाकले, तर बागवाले म्हणाले झाडांना काय कळतं तुमचं कॅलेंडर, आम्ही जुन्याच तिथीला करणार. म्हणून अजून काही गावं १७ जानेवारीच धरतात. आजीला हे नक्की सांगा, तिलाही पंचांगच लागतं.

आणि शुक्रवारी संकष्टी होती, माझ्या लक्षात होतं. उपवास होता. सगळ्यांनी गरम सायडरचे कप घेतले, मी नाही घेतला. आकाश भरलेलं, चंद्र काही दिसेना, मग मोबाईलवर चंद्रोदयाची वेळ बघितली, त्या झाडाखालीच उभी राहून हात जोडले आणि आईने पाठवलेला तिळाचा लाडू खिशातून काढून उपवास सोडला. हातमोजे काढून कागद सोडवताना बोटं बधिर झाली होती, लाडू थंडीने इतका कडक झाला होता की दाढेखाली धरून फोडावा लागला. अर्धा मी तासगावकराला दिला. त्याचाही उपवास होता.

नाना, तुम्ही फोनवर काहीच बोलला नाहीत, आई रडत होती आणि मागे तुमचं नुसतं ‘असू दे’ ऐकू आलं. ते माझ्या जास्त जिव्हारी लागलं. तुमच्या गळ्यात माळ आहे, तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. इतर दिवशी मी घेते, अर्धा ग्लास, चव बघायला, कधी एक. तुम्हाला न सांगता घेतली याचं वाईट वाटतं, पण घेते हे लपवून ठेवलं तर त्याचं जास्त वाईट वाटेल. आपल्या जिल्ह्यातली किती द्राक्षं वाईनला जातात, आपण त्या लोकांना वाईट म्हणत नाही. पण आपल्या घरात ती कधी आली नाही हेही मला माहीत आहे, आणि माझ्यामुळे येणारही नाही. निवृत्तिनाथांची यात्रा आठवड्यावर आली, यंदाही माझं चुकतंय. त्र्यंबकला पोचलात की दिंडीतला एक फोटो पाठवायला दादाला सांगा. गुडघ्याला पट्टा बांधूनच चाला, मी पाठवलेला तो, कपाटात ठेवण्यासाठी नाही पाठवला.

माल काढायला आला असेल आणि मी इथे सफरचंदाच्या झाडांना पातेली वाजवतेय, हे माझ्या मनात येत नाही असं समजू नका. दादा एकटा सगळं ओढतोय. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस लागला तेव्हा तू रात्री-अपरात्री डावणी रोगाची फवारणी करत होतास आणि मला फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणत होतास, मला वहिनींनी नंतर सांगितलं. मागच्या वर्षीच्या व्यापाऱ्याचे पैसे आले नाहीत ते आता येतील असं धरू नका, यंदा आधी पैसे मग गाडी, कितीही गोड बोलला तरी.

या महिन्यात ४० हजारच पाठवलेत, कारण व्हिसा रिन्यूची फी भरायची आहे. बिअरचा आणि याचा काही संबंध नाही. फेब्रुवारीत जास्तीच्या शिफ्ट घेतल्यात, सोसायटीचं मार्चएंडचं मी बघते, आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही. दिवाळीला येते म्हटलं होतं, ते आता मे महिन्यात जमेल बहुतेक, तिकिटं उतरली तर. बागेत खरड छाटणी उरकलेली असेल तेव्हा, म्हणजे सगळे घरी असाल.

वहिनी, इथून पुढे फक्त तुम्ही.

निफाडच्या पाहुण्यांनी फोटोबद्दल विचारलं म्हणे. त्यांना खोटं काही सांगू नका, ‘मैत्रिणीचं होतं’ वगैरे तर अजिबात नको. मुलगा चांगला असेल, मी नाव ठेवत नाही. पण मला त्याच्याशी बोलायचं नाहीये, आणि का ते तुमच्या लक्षात आलंच असेल, तुम्ही माझं पत्र नीट वाचता. अजून आमच्यात ठरलं असं काही नाही. तासगावकराचे आजोबा पंढरीची वारी करायचे, घरी माळ आहे, त्याच्या आईला त्याने माझ्याबद्दल सांगितलंय. तो मे महिन्यात सुट्टीवर यायचं म्हणतोय, नाशिकला यावं की नको ते तुम्ही सांगा. नानांचा मूड बघून, यात्रेहून आल्यावर, आधी आईला सांगा. आई आधी रडेल, तेव्हा लगेच काही बोलू नका, चहा ठेवा. आणि निफाडवाल्यांना मी फोन करेपर्यंत हो किंवा नाही काहीच कळवू नका. रविवारी तुमच्या दुपारी साडेचारला करते.

तुमचीच,
माई