जेसीबीवाल्या भाऊंना मनापासून थँक्यू

भाऊ, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ठेकेदाराने परत त्रास द्यायला नको. पण आभार चारचौघांत मानायचेच होते. त्या दिवशी तुम्ही मशीन थांबवलं नसतं तर आमच्या गावचं ते शिळावर्तुळ, म्हणजे जुन्या दगडांचं कडं, मुरमाबरोबर रस्त्यात गेलं असतं.

किती ठिकाणी अर्ज दिले होते आम्ही! एका ऑफिसात साहेब म्हणाले, तुमच्याकडे नगरधनचा किल्ला आहे ना, मग या धोंड्यांचं काय घेऊन बसलात. अहो, किल्ला आमचा जीव की प्राण आहे, पोट्टे दरवर्षी जाऊन झाडोरा काढतात, पण किल्ल्याला तट आहे बुरूज आहेत, तो लांबून दिसतो, आणि हे नुसते गोलात मांडलेले दगड, त्याखाली अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं पुरलीत हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार? माहूरझरीला 1970 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांच्या टीमला अशाच वर्तुळांत पुरलेले घोडे सापडले, तोंडावर तांब्याचे दागिने घातलेले! नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी निघाली. सगळं आपल्या नागपूर जिल्ह्यातलं.

तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. बकेटच्या दाताखाली काळं-तांबडं मडकं दिसलं आणि तुम्ही चावी काढून खिशात टाकली, ठेकेदार फोनवर बोंबलत होता तरी. आणि मग जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. मे महिन्याचं भर दुपारचं ऊन, आणि तुम्ही डोक्याचा दुपट्टा सोडून त्या मडक्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर गोटे ठेवले आणि उत्खननाची टीम येईपर्यंत उघड्या डोक्याने तिथेच उभे राहिलात. "कोनाची तरी माती आहे, उघडी नाई टाकत," एवढंच बोललात. उत्खननाच्या मॅडम नंतर म्हणाल्या, जमिनीतल्या ओलीतून निघालेलं मडकं एकदम उन्हात आलं की तडकतं, सावली मिळाली म्हणून हे वाचलं.

ज्यांच्याकडे शिक्का होता, गाडी होती, त्यांना येऊन बघावंसंही वाटलं नाही. रोजीवरच्या माणसाला मात्र ओळख ना पाळख, अशा मेलेल्या माणसाची लाज राखावीशी वाटली. अशी माणसं आहेत म्हणून गावं टिकलीत हो.

आता खाली लोखंडी कुऱ्हाडपण निघालीय. खड्डा बुजवायच्या आत वहिनी आणि लेकरांना घेऊन या, मॅडम स्वतः सगळं दाखवणार आहेत. आणि तुमची बुडालेली रोजी गावातून जमा केलीय, ती घ्यायला नाही म्हणू नका.