अव्या, डब्याचं तेवढं बघ

इंदिरानगर, नाशिक
बुधवार, रात्री साडेदहा

प्रिय अव्या,

"पक्या, तू आणि खत?" म्हणून फोनवर जो हसत सुटलास, तो पुढचं ऐकूनच घेतलं नाहीस. म्हणून लिहायला बसलो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

घरातल्या या सगळ्या बदलांची सुरुवात कचऱ्याने झाली नाही, माझ्या बीपीने झाली. ऑफिसच्या तपासणीत १५०/९५ निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळीचं नंतर बघू. आधी मीठ-तेल कमी करा, चालायला लागा, तीन महिन्यांनी या. घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, उद्यापासून या घरात पापड, लोणचं, फरसाण बंद. तुझी वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "खातं कोण?"

माझा फतवा चार दिवस चालला. चालू राहिली ती तिची युक्ती. तेलाच्या किटलीतली पळी तिने काढली आणि तिथे चहाचा चमचा ठेवला, बस. पाच माणसांना महिन्याला पाच लिटर तेल लागायचं, आता साडेतीनात भागतं, आणि भाजीची चव बदलल्याची तक्रार अजून कोणी केलेली नाही. मिठाचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते, म्हणजे चमचाभरसुद्धा नाही. त्यात फरसाण बसवून दाखव.

पाण्याचं मात्र नीट वाच, तुझ्याकडेही तेच आरओचं मशीन आहे. त्याची ती सांडपाण्याची नळी आमच्या सिंकमध्ये सोडलेली असायची. आईला ते वाहतं पाणी बघवेना. निफाडच्या मळ्यात विहिरीच्या पाण्याची पाळी धरून वाफ्यांना पाणी दिलेली बाई ती. एक दिवस तिने नळी उचलून बादलीत टाकली. प्यायच्या पाण्याचा एक हंडा भरेपर्यंत तेवढ्याच मापाचं पाणी जवळपास तीनदा ओतून झालं. मग चिरंजीवांनी शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेलं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला १४०. भारतीय मानकात ५०० पर्यंतचं पाणी प्यायला चांगलं धरतात. म्हणजे गंगापूर धरणाचं गोडं पाणी घरात येतंय, आणि आपण त्यातले आहेत तेवढे क्षार काढायला तिप्पट पाणी गटारात ओततोय! मशीन विकायला आलेल्याने आपल्या नळाचं पाणी काही मोजून दाखवलं नव्हतं. आपणही विचारलं नव्हतं म्हणा.

मीटर क्षार मोजतं, जंतू नाही, हे विसरू नकोस. म्हणून आम्ही जंतू मारणारा यूव्हीवाला फिल्टर घेतला, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई ते गाळून उकळते. तुझ्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर माझं ऐकून मशीन काढू नकोस, आधी मोज.

या सगळ्याने आईला जोर चढला. नॉनस्टिकच्या कढईचे पापुद्रे निघालेले बघून तिने मला माळ्यावर चढवलं आणि तिच्या लग्नातली नाव घातलेली पितळी पातेली उतरवून घेतली. कल्हई उडालेली, आतून पिवळीधमक. त्यात आमटी केली असती तर कळकलीच असती. भांडीबाजार, तांबट लेन, सगळीकडे विचारत फिरलो तेव्हा एक कल्हईवाला सापडला. अव्या, लहानपणी आपण वाड्यात उकिडवे बसून बघायचो ना, अगदी तसंच. पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, भस्सकन पांढरा धूर निघाला, नाकात तोच वास. कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने एक फेर धरला. पिवळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं झालं. मी दहा मिनिटं ऑफिसचे फोन उचलले नाहीत.

आता खत. हस.

रंगाच्या वीस लिटरच्या जुन्या बादलीला भोकं पाडली आणि गॅलरीत ठेवली. ओला कचरा टाकत गेलो. एप्रिलमध्ये धाकटीच्या वाढदिवसाला दोन कलिंगडं कापली, सगळी सालं आत कोंबली आणि झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या दिवशी वास. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी दारात, "अहो, तुमच्याकडून काहीतरी चालत आलंय." अळ्या! त्यांच्या वाळत घातलेल्या नऊवारीवर. मी पाय धरायचा तेवढा बाकी होतो.

चूक साधी होती. नुसतं ओलं टाकलं की ते सडतं, त्यात हवा खेळत नाही. ओल्याच्या जोडीला बरोबरीने कोरडा पाला लागतो. बागेतला झाडूवाला पाल्याचे ढीग पेटवून द्यायचा, तो आता मला पोतं भरून ठेवतो. एक थर कचरा, वर एक थर पाला, अधूनमधून आंबट ताक, आणि आठवड्यातून दोनदा खालवर करायचं. दोन-अडीच महिन्यांनी काळंभोर खत निघालं, त्याला पहिल्या पावसासारखा वास. पहिली पिशवी खालच्या आजींच्या तुळशीला दिली. परवा घंटागाडीवाला विचारत होता, "भाऊ, गावाला गेला होता का? तुमची ओल्याची बादलीच दिसेना."

सगळंच जमलं असं नाही. शिकेकाई धाकटीने एका डोळ्यातल्या पाण्यावर फेटाळली. पार्सलांचे खोके आणि फुग्यांचं प्लास्टिक येतंच, त्यावर तुझ्या वहिनीशी माझं आठवड्याला एक भांडण ठरलेलं. आणि रविवारची मिसळ सोडलेली नाही, ती सोडायला सांगितलीस तर मैत्री तुटेल. एक्स्ट्रा तर्री मागत नाही, एवढंच. परवा बीपी १३२/८६ होतं.

आज गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात आईबरोबर गेलो होतो. आईने माझ्या जुन्या पँटींच्या पायांच्या पिशव्या शिवल्यात, एकीला तर मागचा खिसा तसाच ठेवलाय, सुट्टे पैसे ठेवायला. २०१८ च्या प्लास्टिकबंदीला आपण किती दिवस पाळलं ते तुला माहीत आहे. पण मेथीवाल्या मावशींनी ती पिशवी हातात घेऊन खिशाचं बटण लावून बघितलं आणि म्हणाल्या, "मला एक शिवून देता का?" आई तेव्हापासून हवेत आहे. माझ्या कपाटातल्या चांगल्या पँटींवरही आता तिची नजर आहे.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या गच्चीतल्या कुंड्यांसाठी खत बांधून ठेवतो. आणि गेल्या दिवाळीत चिवडा भरून दिलेला तो कडीचा स्टीलचा डबा घेऊन ये. आईने दोनदा विचारलंय, आणि तुझी वहिनी विचारत नाही, नुसती फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघते.

तुझा,
पक्या