शाँबोरचा जिना आणि त्याहून भारी गच्ची

प्रिय बंड्या,

फ्रान्सला जाऊन नुसतं आयफेल टॉवर बघून येऊ नकोस असा दम दिला होतास ना, तर घे, शाँबोरचा राजवाडा बघून आलो. तू सिव्हिलवाला म्हणून हे सगळं तुलाच लिहितोय, घरी सांगायला गेलं की आई आधी विचारते जेवायला काय मिळालं.

ब्लुआ गावापर्यंत ट्रेन आणि पुढे बस, मग नुसतं जंगल. जवळजवळ 5,440 हेक्टर, भोवती 32 किलोमीटरची भिंत, सगळं राजाच्या शिकारीसाठी! आणि मग झाडी संपते न संपते तोच समोर ते पांढरंशुभ्र प्रकरण. पहिल्या फ्रान्स्वा राजाने 1519 मध्ये काम सुरू केलं, तेव्हा गडी पंचविशीतला, नुकताच इटलीत लढाई मारून आलेला, तिकडची कामं बघून डोकं फिरलेलं. आणि गंमत ऐक, 32 वर्षं राज्य केलं त्यात इथे मुक्काम सगळा मिळून 72 दिवसांच्या आसपास. आपल्याकडे लोक कोकणात टोलेजंग बंगला बांधतात आणि गणपतीलाच कुलूप काढतात, तसलाच प्रकार!

आता जिना. बरोब्बर मधोमध, एकाच पोकळ खांबाभोवती दोन वेगवेगळे गोल जिने एकमेकांत गुंफलेले. आम्ही करूनच बघितलं, ऑफिसातला एकजण त्या बाजूने चढला, मी या बाजूने, मधल्या झरोक्यांतून त्याचं तोंड दिसतंय, हाका मारतोय, पण शेवटपर्यंत भेट काही होत नाही. डिझाइन लिओनार्डो दा विंचीचं असं सगळे म्हणतात, पण कागदोपत्री पुरावा नाही, आणि तो बिचारा काम सुरू व्हायच्या आधीच, त्याच 1519 च्या मे महिन्यात गेला. त्याची मोनालिसा मात्र 1939 मध्ये युद्धाच्या भीतीने पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून हलवली तेव्हा इथेच येऊन राहिली होती.

खोल्या चारशेच्या वर, पण खरं सांगू, बऱ्याच ओक्याबोक्या वाटतात. त्या काळी दरबार फिरतीवर असायचा, पलंग, गालिचे सगळं सामान बरोबर यायचं आणि बरोबर जायचं. 282 शेकोट्या आहेत म्हणे, तरी मला आत हुडहुडी भरली. दुसऱ्या मजल्यावर छताकडे बघत मान अवघडली, चौकटीचौकटीत कोरलेलं एफ अक्षर आणि राजाचं चिन्ह, ते सॅलमँडर म्हणजे पालीसारखं जनावर, आगीत बसलेलं, शेपटीला वेटोळं.

पण पैसे वसूल गच्चीवर! धुराडी, मनोरे, छोटे जिने, खिडक्या, एक अख्खं गावच वर बसवलंय, दरबारातल्या बायका इथूनच शिकार बघायच्या. जवळ जाऊन बघितलं तर धुराड्यांवर काळ्या स्लेटचे गोल न् चौकोनी तुकडे ठोकलेत, लांबून इटलीतल्या रंगीत संगमरवरासारखं वाटावं म्हणून. दगड तुफो नावाचा चुनखडीचा, इतका मऊ की जुन्या लोकांनी त्यावर नावं कोरून ठेवलीत, म्हणजे आपलेच लोक तसे नाहीत हं! मऊ म्हणून कोरीवकाम झकास होतं आणि मऊ म्हणूनच झिजतोही, डागडुजी चालूच असते.

एक मात्र कळलं नाही, ते तूच सांग. इतके कोपरे, इतके मनोरे, तर पावसाचं पाणी तिथून नेमकं उतरवलं कसं असेल? फोटो पाठवतोय, झूम करून बघ आणि लगेच कळव.

तुझाच,
पक्या